पहाटे तीन ते पावणेपाच

हा घटनाक्रम कोणा एका कुटुंबाचा नाही. उन्हाळ्याच्या सुटीत भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतून निघायचं, शिर्डीचं दर्शन आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायचं आणि रात्री परत यायचं, असा बेत करणाऱ्या अनेक घरांचा मेळ घालून तो रचला आहे. यातली मुलगी चार वर्षांची आहे. घरात तिला छोटी म्हणतात. संध्याकाळी पावणेपाचला ती हरवते आणि पुढे सापडते, हे आधीच सांगून टाकते. ती सापडली का, यापेक्षा ती हरवली कशी, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याची सुरुवात आदल्या रात्रीच झालेली असते.

आदली रात्र, १०:३० (उरले सव्वाअठरा तास)

छोटीचे बाबा दुसरी पाळी संपवून नुकतेच घरी आलेत. आई दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या लाटतेय, आजी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरतेय. एरवी नऊला झोपणारी छोटी टक्क जागी आहे. खेळण्यातली बादली पिशवीत घालायची, काढायची, पुन्हा घालायची, असं तिचं चाललंय. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून. छोटी आज सव्वाअकराला झोपणार आणि तिला अडीचला उठवलं जाणार.

बाबांसाठी ही सहल खूप मोठी आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. त्याची जाहिरात टीव्हीवर पाहत त्यांचं लहानपण भुसावळात गेलं. शाळेची सहल जायची ती अजिंठ्याला. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं तेव्हा ते नोकरी शोधत होते. आपल्याला मिळालं नाही ते लेकीला मिळावं, यासाठी त्यांनी सुट्टी टाकलीय, पैसे बाजूला काढलेत. या इच्छेत काहीही वावगं नाही. वर्षभर राखेची धूळ आणि पाळ्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाने लेकीसाठी एक दिवस मागितला तर त्यावर बोट ठेवायला मी तयार नाही.

पहाटे ३:०० (उरले पावणेचौदा तास)

भाड्याची गाडी दारात. आई, बाबा, आजी, छोटी, वरणगावची आत्या आणि आत्याची दोन मुलं, एक अकरा वर्षांचा, एक चौदाचा. एका गाडीत चार वर्षांचं मूलही आहे आणि चौदा वर्षांचंही. दोघांना हवा असलेला दिवस सारखा नाही, पण बेत एकच ठरलाय आणि तो थोरल्याच्या मनासारखा आहे.

आजी खिडकीतून म्हणते, "पोरीले झोपू दे व माय, कायले उठवलं एवढ्या रातीचं." गाडी सुटते. मागे वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. छोटी त्यांना टाटा करते.

सकाळी ८:१५ (उरले साडेआठ तास)

जळगाव, चाळीसगाव, मनमाड, येवला, कोपरगाव. रस्त्यात छोटी तुकड्यातुकड्याने झोपली, एकदा ओकली. शिर्डीत उतरल्यावर तिने दूध नको म्हटलं आणि अर्धं केळं खाल्लं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं ते केळं हे तिच्या आजच्या दिवसातलं शेवटचं धड खाणं.

९:०० ते ११:२०

दर्शनाची रांग. २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते नव्या दर्शनरांग संकुलाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून भाविकांना उन्हात उभं राहावं लागत नाही. आत बसायला जागा आहे, गार हवा आहे. छोटी इथे खूश होती. कठड्याच्या नळीला लोंबकळली, शेजारच्या मुलाशी तिची गट्टी जमली. दहाच्या सुमारास तिचे डोळे मिटायला लागले, तेवढ्यात रांग सरकली. मग कडेवर, मग बाबांच्या खांद्यावर, मग समाधीसमोर गर्दीत उंच धरून "नमस्कार कर, बाप्पाला नमस्कार कर." तिने हात जोडले. आजीचे डोळे भरून आले.

दिवस इथे संपवला असता तर तो छोटीच्या आयुष्यातला एक उत्तम दिवस ठरला असता. असं मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. आपल्याकडे मुलाला गर्दी, झगमगाट आणि पाळणे पहिल्यांदा भेटायचे ते यात्रेत. मुक्ताईनगरला माघात जत्रा भरते. आजोबांच्या खांद्यावर बसून जायचं, एका पाळण्यात बसायचं, एक फुगा, शेव-रेवडी, की दोन-तीन तासांत घरी. मूल दमायच्या आत जत्रा संपायची, कारण जत्रेला दारावर तिकीट नव्हतं. दिवसभराचं तिकीट काढलं की माणूस दिवसभर थांबतो.

११:४५ (उरले पाच तास)

संस्थानच्या प्रसादालयात सौरऊर्जेच्या वाफेवर रांधलेलं साधं जेवण मिळतं. वरण, भात, पोळी, भाजी. चार वर्षांच्या मुलाने खावं असंच. पण तिथेही रांग असणार, आणि थोरला दर दहा मिनिटांनी पार्कची वेळ विचारतोय. "पार्कमध्येच खाऊ." दशम्यांचा डबा गाडीच्या डिकीत राहिला. छोटीच्या हातात वेफर्सचं पाकीट आलं.

१२:३० (उरले सव्वाचार तास)

तिकीट खिडकी. चार वर्षांच्या मुलीची उंची साधारण एकशेदोन-तीन सेंटिमीटर. मोठ्या राइडच्या दारात उंचीची पट्टी असते. पार्कनुसार आकडा बदलतो, पण बऱ्याच ठिकाणी तो १२० किंवा त्याच्याही वर असतो. म्हणजे जाहिरातीतल्या ज्या गोष्टींसाठी माणसं एवढ्या लांबून येतात, त्यातल्या बहुतेक छोटीसाठी बंद आहेत. नियम योग्यच आहे, तो जीव वाचवण्यासाठी आहे. प्रश्न एवढाच की हे दारात गेल्यावर कळतं.

आत गेल्यावर नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायचे. निळे, काळे, सगळ्यांचे जवळपास सारखे. छोटीचा पिवळा फ्रॉक, आईची हिरवी साडी, बाबांचा चौकड्यांचा शर्ट, सगळं लॉकरमध्ये गेलं. मोबाइलही लॉकरमध्ये. किल्ली बाबांच्या मनगटावर. आईने छोटीच्या हातावर बॉलपेनने बाबांचा नंबर लिहिला होता, ही तिची समज. पण समोर पाणी आहे.

वरचा परिच्छेद वाचकाने पुन्हा वाचावा. हरवण्याची सगळी तयारी इथे पूर्ण झालीय. मुलाला आईबाप ओळखायचे असतात ते रंगावरून आणि कपड्यांवरून, कारण एकशेदोन सेंटिमीटरवरून त्याला चेहरे दिसत नाहीत. त्याला गुडघे आणि कमरा दिसतात.

१:१५ (उरले साडेतीन तास)

मे महिना, चाळिशीच्या घरातलं ऊन. दीपनगरचा पारा याहून चढा असतो, त्यामुळे मोठ्यांना इथे बरंच वाटतं. लहान मुलाचं तसं नसतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, म्हणून ते बाहेरची उष्णता झपाट्याने ओढून घेतं. पाण्यात असल्याने तहान लागल्याचं त्याला कळत नाही. छोटी सकाळी अकरानंतर शूला गेलेली नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती पाण्यातच होती.

उन्हाने पार्कचा दिवस मोडल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातलं. १७ जुलै १९५५ ला अनाहाइमचं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथे अडतीसच्या आसपास तापमान होतं. नळकारागिरांचा संप झाल्याने पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ सुरूच झाले नव्हते. बनावट पासांमुळे गर्दी अंदाजाबाहेर गेली. ताज्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. वॉल्ट डिस्नेच्या माणसांनाही ऊन आणि गर्दी एकत्र येतील याचा अंदाज आला नव्हता. घरच्या माणसांना तो यावा कसा? तो यावा म्हणूनच हे लिहितेय.

२:४५ (उरले दोन तास)

लहान मुलांच्या भागात उंचावर एक भलीमोठी बादली असते. ती भरत जाते, घंटा वाजते आणि बादली उलटी होऊन सगळं पाणी एकदम खाली कोसळतं. मोठी मुलं मुद्दाम खाली जाऊन उभी राहतात. छोटीला ते ठाऊक नव्हतं. घंटा झाली, आरडाओरडा झाला, पाणी कोसळलं आणि ती जागच्या जागी थिजली. तोंड उघडं, पण आवाज नाही. मग फुटलेलं रडणं.

बाबा म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? बघ, ती सगळी मुलं हसतायत." आणि भीती जावी म्हणून त्यांनी तिला उचलून पुन्हा एकदा खाली नेलं.

इथे मला थांबून बोलायचं आहे. या वयात खरं काय आणि गंमत काय, यातली रेघ अजून पक्की झालेली नसते. अंगावर पाणी कोसळलं म्हणजे कोसळलं. भीती दाबून धरल्याने जात नाही. मूल एवढंच शिकतं की मी रडले तरी मला इथून नेणार नाहीत. बाबा प्रेमाने वागले. तरीही दुसऱ्या वेळी तिला तिथे न्यायला नको होतं.

दीपनगरच्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. वीजनिर्मितीचा संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, तो बहुतेकदा एकाएकी नव्हे. आधी नियंत्रण कक्षात अलार्म येतात आणि पाळीवरचा माणूस ते ऐकून लगेच उठतो. न खाणं, शूला न जाणं, थिजणं, विनाकारण चिडणं, छोटीने आज असे चार अलार्म दिले होते.

३:२० (उरला एक तास पंचवीस मिनिटं)

सुटकेची वेळ. आजी पाण्यात उतरलेली नाही. सावलीतल्या खुर्चीवर तिच्या मांडीवर छोटी झोपली. अंग गरम, ओठ कोरडे, पण गाढ झोप. आजीने पदर तिच्या तोंडावर घेतला. सगळ्या दिवसात एवढा एकच निर्णय मुलीकडे बघून घेतला गेला.

४:००

"आई, उठवा तिला. लाटा सुरू होतायत. एवढ्या लांब आलो, लाटांमध्ये तिचा एकही फोटो नाही." आजी म्हणाली, "राहू दे ना व. दमलं लेकरू." सुनेने ऐकलं, क्षणभर थांबली आणि मग तिकिटाचे पैसे आठवून वाकली. छोटी उठली ती रडतच.

४:१५ (उरला अर्धा तास)

लाटांचा तलाव. गर्दी, मोठं संगीत, एकसारखे निळे-काळे कपडे. छोटी आईच्या गळ्याला घट्ट. बाबा लॉकरमधून मोबाइल आणून फोटो काढतात आणि मोबाइल परत ठेवून येतात.

४:३६ (उरली नऊ मिनिटं)

लाटा थांबतात. शेकडो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. आई बाबांना म्हणते, "मी कपडे बदलून येते, हिच्याकडे बघा." बाबा ट्यूब परत द्यायला वळताना बहिणीला म्हणतात, "हिला जरा बघ गं." आत्या हो म्हणते. त्याच वेळी धाकट्याच्या पायाला खरचटलेलं दिसतं आणि ती खाली वाकते. आई-बाबांनी जबाबदारी दुसऱ्याला दिली, आणि दोघांच्याही मनात ती दिली गेलीच होती.

४:४५

काळ्या नायलॉनच्या पँटमधले दोन पाय छोटीच्या समोरून जातात. आईचेच पाय. ती त्यांच्या मागे चालू लागते. बरंच पुढे गेल्यावर ते पाय थांबतात, वळतात, आणि वर पाहिल्यावर दुसरीच बाई असते.

४:४५ ते ५:१०

आई बाहेर येते. "छोटी कुठंय?" बाबा आत्याकडे बघतात. या दृश्याचं मी वर्णन करणार नाही. ज्यांच्यावर आलं त्यांना ते ठाऊक आहे, इतरांवर येऊ नये.

सुरक्षारक्षक विचारतो, "काय घातलंय?" आई म्हणते पिवळा फ्रॉक. मग आठवतं, फ्रॉक लॉकरमध्ये आहे. किल्ली बाबांकडे, बाबा दुसऱ्या टोकाला तलावात शोधतायत. फोन करावा तर फोन लॉकरमध्ये. हातावरचा नंबर केव्हाच धुऊन गेलाय. भोंग्यावरून नाव पुकारलं जातं, ते तिचं शाळेतलं नाव. त्या नावाने तिला घरात कोणी हाक मारत नाही, म्हणून ती ऐकते आणि बसून राहते.

चपलांच्या मांडणीपाशी झाडू मारणाऱ्या एका बाईने तिला पाहिलं. ती तिला घेऊन शोधत फिरली नाही, हे तिचं शहाणपण. तिथेच खाली बसली, बाटलीतलं पाणी पाजलं आणि येणाऱ्याजाणाऱ्या रक्षकाला हाका मारत राहिली. पाच वाजून दहा मिनिटांनी आई तिथे पोचली.

परतीच्या रस्त्यात छोटीला ताप भरला. दोन दिवसांनी उतरला. महिनाभर ती आंघोळीच्या वेळी डोक्यावर पाणी घेऊ देईना.

पार्कला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. मुलांना पाणी आवडतं, आणि आईबापांना त्यांचं हसू बघायचा हक्क आहे. पण दर्शन एका दिवशी ठेवा आणि पार्क दुसऱ्या. मध्ये शिर्डीत एक रात्र मुक्काम करा. त्याचा खर्च परवडत नसेल तर पार्क पुढच्या वर्षी करा, तोवर मूल एखाद्या राइडच्या उंचीचंही होईल. दार उघडताच आत जा, एकच्या आत बाहेर या, तिकिटाचा अर्धा दिवस वाया गेला तरी चालेल. भाड्याचे कपडे घातल्यावर, मोबाइल लॉकरमध्ये जायच्या आत, मुलाचा एक फोटो काढा. नंबर कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये बंद करा आणि कपड्याच्या आत पिनेने लावा. मूल कोणाकडे आहे हे नाव घेऊन, मोठ्याने बोला, आणि समोरच्याने हो म्हणेपर्यंत हात सोडू नका. मूल दिसेनासं झालं तर रक्षकाला लगेच सांगा, घरातल्या नावानेही पुकारायला लावा. १०९८ हा लहान मुलांसाठीचा मदत क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. आणि लेकरू दुपारी झोपलं तर लाटांसाठी, फोटोसाठी, कशासाठीही त्याला उठवू नका.