बाटलीतली साक्ष

वाशिंदला भातसेच्या काठी उभे राहिले म्हणजे आपल्याला नदी दिसते. मुंबईकरांचा मात्र तो नळ आहे. १८९२ साली आपल्याच तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस गेले, ते झाकल्या वाटेने. भातसा धरणाचे पाणी नदीच्या उघड्या पात्रातून, आपल्या गावांवरून वाहत पिसे येथे पोहोचते. तेथे ते उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. वाटेत त्यात काय मिसळले, हे सांगणारा साक्षीदार एकच : नमुन्याची बाटली.

ही साक्ष फार जुनी नव्हे. पूर्वी पाणी नितळ आणि चवीला गोड असले म्हणजे पुरे होई. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या एका तळ्यातील पाण्यात पटकीचे जंतू दाखविले, आणि डोळ्यांवर व जिभेवर विसंबणे संपले.

परंतु साक्षीदार विचारल्याइतकेच सांगतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या उपशाच्या जागी सांडपाणी शिरले. क्लोरिनने जंतू मेले, विषमज्वर वाढला नाही. कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली. तिचा विषाणू जंतूंच्या परीक्षेत दिसणारा नव्हता.

पुढे कायदा आला. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापिले. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने तर बाटलीला न्यायालयात उभे केले. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मालकासमक्ष दोन भागांत विभागून, मोहोरबंद करून, त्यावर सह्या घ्याव्यात, असे त्यात सांगितले आहे.

साक्ष खरी राहणे हे मात्र नमुना घेणाऱ्याच्या हाती असते. बाटली निर्जंतुक हवी. काठचे साचलेले पाणी टाळून, वाहत्या धारेत वीतभर खाली, तोंड प्रवाहाकडे करून ती भरावी. तिच्यावर स्थळ, तारीख व वेळ लिहून, बर्फात ठेवून, २४ तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचवावी. तोंडाला बोट लागले, तर नदीऐवजी बोटाचीच परीक्षा व्हायची!

मुंबईच्या घोटाआधी पांजरापूर आहे. वाटेवरच्या गावात नदीवर जो हंडा भरला जाईल, त्याच्या आड काहीच नाही. म्हणून आम्हांस वाटते, एक बाटली वाशिंदच्या काठीही नेमाने भरली जावी, आणि तिचा निकाल आपल्या चावडीवर मोठ्याने वाचला जावा.