पोलीस, सरकार आणि सुधारणेची रखडलेली वाट

पेशवाई संपेपर्यंत दख्खनच्या खेड्यांत पोलीस नावाचे वेगळे खाते नव्हते. गावच्या बंदोबस्ताला पाटील जबाबदार असे आणि प्रत्यक्ष राखण महार, रामोशी, भिल्ल अशा वतनदार जागल्यांकडे असे. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेवर पोचला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली होई आणि चोरीची जबाबदारीही त्याच गावावर पडे. ज्या शिवारात माग हरवे, त्या गावाने ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यायचे. पेशव्यांचा मुलूख कंपनीच्या हाती आल्यावर एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात ही रीत नोंदवली. ती आदर्श होती असे नाही. पाटलाची मर्जी, जातीची उतरंड, राखणदारांचे दरोडेखोरांशी असलेले लागेबांधे हे सगळे तिच्यात होतेच. मात्र जागल्याचे पोट गावाच्या धान्यावर चाले, त्यामुळे त्याला गावाला तोंड द्यावे लागे.

शहरातला कोतवाल दरबाराला बांधलेला असे. पुण्याच्या कोतवालीकडे किरकोळ गुन्हे, वजनमापे, बाजार आणि रात्रीची गस्त असा पसारा होता. १७७७पासून ती घाशीराम सावळदासाकडे होती आणि त्याच्यावर नाना फडणविसांचा वरदहस्त होता. तेंडुलकरांच्या १९७२च्या नाटकामुळे हा कोतवाल घरोघर पोचला, पण नाटक बाजूला ठेवले तरी मूळ घटना पुरेशी बोलकी आहे. ऑगस्ट १७९१च्या अखेरीस त्याने डांबलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी वीसेक जण कोंदट जागेत गुदमरून मेले. शहर खवळले, नानांना आपला माणूस सोडावा लागला आणि जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. कोठडीतल्या मृत्यूंची दाद लागली ती अशी. त्यासाठी दुसरी कोणती वाट उपलब्ध नव्हती.

कंपनी सरकारने राखणीची जुनी वतने आणि हक्क हळूहळू मोडीत काढले. पुरंदर परिसरातल्या रामोश्यांचे हक्क गेले आणि १८२६पासून उमाजी नाईकाने बंड पुकारले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिले गेले. काल ज्यांच्याकडे राखण होती तेच आता सरकारच्या नोंदीत गुन्हेगार ठरले. तिकडे मद्रास इलाख्यात पोलिसीचे काम महसूल खात्याच्याच माणसांकडे होते. ते सारा वसुलीसाठी रयतेला उन्हात उभे करीत, अंगठे बांधून ठेवीत. याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ साली आला. छळ होतो, तो सर्रास होतो आणि तो करणारी माणसे सरकारच्याच पगारावर आहेत, हे त्यातून उघड झाले. महसूल आणि पोलीस वेगळे करण्याच्या मागणीला जोर आला तो तिथून.

वेगळे खाते उभारायचे ठरले, पण कोणत्या नमुन्यावर? ब्रिटिशांपुढे दोन नमुने होते. १८२९ साली रॉबर्ट पीलने लंडनमध्ये उभारलेले पोलीस दल बिनशस्त्र होते आणि ते लोकांच्या संमतीवर चालावे अशी त्यामागची कल्पना होती. आयर्लंडमधले दल सशस्त्र होते, बराकीत राहणारे होते आणि फक्त सरकारला जाब देणारे होते. ते जिंकलेल्या, नाखूश जनतेवर नजर ठेवण्यासाठीच उभारलेले होते. १८४३ साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने आयर्लंडचा नमुना उचलला. तो सिंधमधून मुंबई इलाख्यात आला आणि १८५७च्या उठावानंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तोच सोयीचा ठरला. १८६०च्या पोलीस आयोगाच्या शिफारशींवर १८६१चा पाचवा कायदा, म्हणजेच पोलीस कायदा, उभा राहिला.

या कायद्यातले २३वे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्यात पोलिसाची कर्तव्ये क्रमाने दिली आहेत. पहिले कर्तव्य वरून आलेले कायदेशीर हुकूम ताबडतोब पाळण्याचे. दुसरे, सार्वजनिक शांततेला बाधक ठरणाऱ्या गोष्टींची खबर काढून वर पोचवण्याचे. गुन्हे रोखणे आणि गुन्हेगाराला पकडणे त्यानंतर येते. क्रम हा मसुदाकाराचा योगायोग असू शकतो, पण पुढची शंभर-दीडशे वर्षे खाते जवळपास त्याच क्रमाने चालले. दलावरची देखरेख प्रांतिक सरकारकडे आणि जिल्हा अधीक्षक जिल्हाधिकाऱ्याच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली, अशी दोरीही याच कायद्याने बांधली. अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची तरतूद त्यात होती. मुंबई इलाख्याने १८६७ आणि १८९० साली स्वतःचे वेगळे कायदे केले, पण घाट तोच राहिला. १८९७ साली प्लेग-अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर असे जादा पोलीस बसवण्यात आले आणि त्यांचा भुर्दंड पुणेकरांवर पडला.

विशेष म्हणजे सरकारचाही आपल्या या पोलिसांवर विश्वास नव्हता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात पक्का झाला. मारहाण करून कबुली मिळवतात हे जगजाहीर होते. मारहाण थांबवण्याऐवजी तिचे फळ तेवढे नाकारायचे, असा तो तोडगा होता. पंचांची साक्ष आणि पंचनाम्याला आपल्याकडे आलेले महत्त्वही याच अविश्वासातून आले.

व्हाइसरॉय कर्झनने १९०२ साली अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दल अकार्यक्षम आहे, प्रशिक्षण कच्चे आहे, देखरेख अपुरी आहे, लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात आणि त्याने लोकांचा विश्वास मुळीच कमावलेला नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने इतके स्पष्ट लिहावे हे उल्लेखनीय होते. फौजदारांची थेट भरती, गुन्हे अन्वेषण विभाग आणि प्रशिक्षण शाळा या गोष्टी त्यानंतर आल्या. नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेची सुरुवातही याच काळातली. दल सरकारच्या मुठीत असावे की नाही, हा प्रश्न मात्र आयोगाच्या कक्षेतच नव्हता.

तो प्रश्न १९४७नंतर विचारला जायला हवा होता. फाळणीच्या दंगली, निर्वासितांचे लोंढे, संस्थानांचे विलीनीकरण आणि तेलंगणातला सशस्त्र लढा यांच्या गर्दीत नव्या सरकारला चालत्या यंत्राला हात लावायचा नव्हता. भारतीय पोलीस सेवेसह अखिल भारतीय सेवा टिकवण्याचा आग्रह वल्लभभाई पटेलांनी संविधान सभेत धरला. राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला. १९५१चा मुंबई पोलीस अधिनियम, आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, हा स्वतंत्र भारतातला कायदा. पण दलाची मालकी सरकारची आणि जाब विचारणारेही सरकारच, ही रचना त्यानेही जशीच्या तशी घेतली. कालचे सत्याग्रही आता गृहखाते सांभाळत होते आणि त्यांना ही रचना अडचणीची वाटली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६मध्ये मुंबईत गोळीबार झाले. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे गेली. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला, पण गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या व्यवस्थेत काही बदलले नाही.

आणीबाणीने हा प्रश्न टाळता येणार नाही अशा जागी आणून ठेवला. विरोधी पुढाऱ्यांपासून साध्या कार्यकर्त्यांपर्यंत हजारोंना पोलिसांनी वरच्या तोंडी हुकमावर उचलले, हे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे आले. नोव्हेंबर १९७७मध्ये जनता सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले आणि शेवटच्या अहवालासोबत नव्या पोलीस कायद्याचा मसुदाही जोडला. या आयोगाचे खरे महत्त्व असे, की त्याने दुखण्यावर नेमके बोट ठेवले. मंत्र्याला किंवा आमदाराला बेकायदा हुकूम लेखी द्यावाच लागत नाही. त्याच्या हातात बदली असते. न ऐकणारा निरीक्षक नियंत्रण कक्षात जातो, ऐकणारा चांगल्या ठाण्याचा प्रभारी होतो. महाराष्ट्रात ‘गडचिरोलीला पाठवतो’ ही धमकी पोलीस दलातच काय, साऱ्या सरकारी नोकरीत ठाऊक आहे. यावर आयोगाने दोन उपाय सुचवले: राज्य पातळीवर सुरक्षा आयोग आणि पोलीसप्रमुखाला ठरावीक मुदत. देशातल्या अटकांपैकी सुमारे ६० टक्के अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, हेही याच आयोगाने नोंदवले. १९८० साली सरकार बदलले. उरलेले अहवाल १९८३मध्ये बाहेर आले आणि धूळ खात पडले.

आयोगाचा पहिला अहवाल शिपायांच्या हालांवर होता. दिवसाचे तास न मोजता बंदोबस्त, तुटपुंजा पगार, गळकी घरे, साहेबांच्या घरची कामे यांना कंटाळून १९७९ साली पंजाबसह अनेक राज्यांत शिपाई रस्त्यावर उतरले. मुंबईत हा असंतोष गिरणी संपाच्या वर्षी फुटला. सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांनीच बंड केले. दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले, पुढाऱ्यांना बडतर्फ केले गेले. लोकांवर जरब बसवणारा शिपाई स्वतःच्या तक्रारीसाठी किती असहाय आहे, हे त्या दिवशी शहराने पाहिले. पोलीस सुधारणेच्या चर्चेत ही बाजू आजही मागे पडते आणि ते चूक आहे. अपमानित शिपायाकडून नागरिकाच्या सन्मानाची अपेक्षा करणे फारसे व्यवहार्य नाही.

लोकांकडून आलेला रेटा कधीकधी आयोगांपेक्षा परिणामकारक ठरला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, असा नियम आला. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या वाट्याला असे यश आले नाही. त्याच्या १९९८च्या अहवालाने पोलिसांतल्या पक्षपातावर बोट ठेवले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. पुढची कारवाई अत्यंत तोकडी राहिली.

१९९६ साली उत्तर प्रदेशचे निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी धर्मवीर आयोगाच्या शिफारशी अमलात याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मध्यंतरी रिबेरो, पद्मनाभय्या, मळिमठ अशा समित्या येऊन गेल्या. ज्युलिओ रिबेरो हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. त्यांच्या समितीने धर्मवीर आयोगाचाच गाभा पुन्हा मांडला. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकाची पारदर्शक निवड आणि किमान दोन वर्षांची मुदत, ठाणेप्रमुखांसह क्षेत्रीय अधिकाऱ्यांनाही तीच मुदत, तपास आणि सुव्यवस्था यांची फारकत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ आणि तक्रार प्राधिकरण हे त्यांतले मुख्य. अंमलबजावणी पाहणाऱ्या न्या. थॉमस समितीने २०१०मध्ये राज्यांच्या अनास्थेबद्दल नाराजी नोंदवली. अनेक राज्यांनी नवे कायदे केले खरे, पण काही कायद्यांत सुरक्षा आयोगाच्या शिफारशी नुसत्या सल्ल्यापुरत्या उरल्या. महाराष्ट्राने २०१४ साली दुरुस्ती केली. तिने दोन वर्षांची मुदत दिली आणि त्याच कायद्यात अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी, मुदतीपूर्वी बदली करण्याची मुभाही ठेवली. सरकारी भाषेत ‘लोकहित’ किती लवचिक असते, हे वेगळे सांगायला नको.

सुधारणा होतच नाही असे मात्र नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांची जुनी शस्त्रे आणि निकृष्ट जॅकेटे उघडी पडली. महिनाभराच्या आत संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा मंजूर केला आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राने फोर्स वन हे कमांडो पथक उभारले. सरकारचे बळ वाढवणारी सुधारणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होते. सरकारच्या हातातली बदलीची दोरी सैल करणारी सुधारणा १९७९पासून खोळंबली आहे. पैसा किंवा ज्ञान कमी पडले म्हणून ती अडलेली नाही. आज विरोधात बसून पोलिसांच्या गैरवापरावर तावातावाने बोलणारा प्रत्येक पक्ष उद्या तीच दोरी हातात येईल या आशेवर असतो, त्यामुळे ती कापायला कोणीच तयार होत नाही.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले, २०१३मध्ये दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर नोंदवणे बंधनकारक केले आणि २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. यातला प्रत्येक नियम नागरिकाच्या उपयोगाचा आहे. सरकारचा उत्साह मात्र सहीपुरताच दिसतो: छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता देऊन तो बंधनकारक करून घेतलेला नाही.

१ जुलै २०२४पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. वसाहतकाळाचा वारसा पुसणे हा त्यामागचा जाहीर हेतू होता. पोलिसांपुढच्या कबुलीवरचा अविश्वास नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. १८६१चा पोलीस कायदा मात्र या बदलांतून वगळला गेला. उत्तर प्रदेशासारख्या ज्या राज्यांनी स्वतःचा नवा कायदा केलेला नाही, तिथे ठाण्यांचा कारभार आजही त्याच कायद्याखाली चालतो.