लाल तंबूतला बिनतारी संच

२५ मे १९२८ रोजी उत्तर ध्रुवावरून परतणारे ‘इटालिया’ हे हवाई जहाज स्वालबार्डच्या ईशान्येला बर्फावर आदळले. खालची केबिन फुटून दहाजण बर्फावर फेकले गेले, त्यांतील एक लगेच दगावला. हलके झालेले जहाज उरलेल्या सहाजणांसह वाऱ्याबरोबर दिसेनासे झाले.

ध्रुवावर काही माणसे उतरवायची, असा मूळ बेत होता. त्यांच्यासाठी बांधून ठेवलेले सामान अवशेषांत सापडले. त्यात एक तंबू आणि ‘ओन्दिना ३३’ हा लघुलहरींचा छोटा प्रक्षेपक होता. एवढ्या आघातातही तो शाबूत राहिला. बिनतारी-चालक ज्युझेप्पे बियाजी याने मोडक्या नळ्यांचा खांब उभारून त्यावर आकाशतार ताणली. वरून दिसावा म्हणून तंबूवर लाल रंगाचे पट्टे ओढले गेले.

धक्क्यातून संच वाचला, पण थंडी आणि ओल हे दोन शत्रू उरलेच होते. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि मिळणारा विद्युतप्रवाह घटतो. ओलीचे कारण आपण चष्म्यावर पाहतो. थंड वस्तू उबदार, दमट हवेत आणली की तिच्यावर दव धरते. असे पाणी संचातील विद्युतरोधकांवर साचले, तर वीज भलत्याच वाटेने झिरपते. नऊ माणसांच्या श्वासाने भरलेल्या तंबूत हा धोका सततचा. तरीही संचाला दुसरा निवारा नव्हता.

तीन-चारशे किलोमीटरवरच्या मदतजहाजाला हाका ऐकू येईनात. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर उतरतात. मधला पट्टा मुका राहू शकतो. ३ जूनला त्या ऐकल्या दोन हजार किलोमीटरहून दूर, रशियातील एका खेड्यात, निकोलाय श्मिट या हौशी तरुणाने घरी बनवलेल्या ग्राहकावर. ६ जूनला रोमच्या बातम्यांत बियाजीने ही वार्ता ऐकली, ८ जूनला मदतजहाजाशीही संपर्क झाला.

दरम्यान तिघेजण पायी निघाले होते. त्यांतील फिन माल्मग्रेन परतला नाही. सेनानी नोबिले यांना जूनअखेर विमानाने नेण्यात आले. १२ जुलैला ‘क्रासिन’ या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने वाटेत सापडलेल्या दोघांना आणि तंबूतील पाचजणांना उचलले. हवाई जहाजाबरोबर गेलेल्या सहाजणांचा मात्र ठाव लागला नाही. त्यांच्याजवळ तंबू नव्हता आणि हा संचही नव्हता.

वर्गात दोन सारखे विजेरीचे सेल घ्या. एक रात्रभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि दोन्हींवर सारखाच दिवा लावून पाहा. बियाजीला बॅटरी जपून का वापरावी लागली असेल, हे मुले स्वतःच सांगतील.