वळसा मोटारीला, सरळ वाट सायकलीला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एके काळी पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत. आता ते बिरुद आठवणीपुरते उरले आहे. लोकांच्या हाती पैसा आला, दारात गाड्या आल्या, मग सायकल जाणारच, अशी आपण मनाची समजूत घालतो. पण पैसा आला की सायकल गेलीच पाहिजे, असा काही नियम नाही. त्यासाठी दोन उपनगरी शहरांची हकिगत सांगतो.

पहिले इंग्लंडमधले स्टीव्हनेज. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर हलवण्यासाठी नवी शहरे वसवायचे ठरले. त्यांत पहिला मान १९४६ साली लंडनच्या उत्तरेकडील या गावाला मिळाला. तिथले अभियंता एरिक क्लॅक्स्टन स्वतः सायकल चालवणारे. त्यांनी मोठ्या रस्त्यांलगत सायकलींसाठी वेगळे मार्ग आखले, पादचाऱ्यांसाठी पदपथ ठेवले आणि चौकांत मोटारींच्या रस्त्याखालून जाणाऱ्या वाटा काढल्या. सिग्नलला थांबणे नाही की ट्रकची धास्ती नाही. तरीही अपेक्षेइतके लोक काही सायकलीवर बसले नाहीत. कारण मोटारींचे रस्तेही तितकेच ऐसपैस होते. घराच्या दारातून निघालेली मोटार थेट कामाच्या ठिकाणी उभी करता येत असेल, तर पायडल कोण मारणार?

दुसरे हॉलंडमधले हौटन. युट्रेक्ट शहरालगतचे हे छोटेसे खेडे. १९६०च्या दशकात ते वाढवायचे ठरले आणि रॉब डर्क्स या वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला. तेव्हा हॉलंडात सायकलीचेच राज्य होते, असे मात्र समजू नका. मोटारी वाढत होत्या, सायकली मागे पडत होत्या. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत चारशेवर मुले होती. संतापलेले आईबाप ‘बालहत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर उतरले. १९७३ साली तेलटंचाई आली आणि काही रविवारी मोटारींना बंदी झाली. देशाचे मन असे पालटत असताना नवे हौटन उभे राहू लागले.

डर्क्स यांची युक्ती साधी होती. गावाभोवती एक वर्तुळाकार रस्ता. प्रत्येक वस्तीतून मोटार या रस्त्यावर येणार आणि दुसऱ्या वस्तीत जायचे तर त्यावरूनच वळसा घालणार. मधून आरपार वाट नाही. पायी आणि सायकलीने जाणाऱ्याला मात्र झाडीतून थेट मार्ग. मध्यभागी रेल्वे स्थानक आणि शाळा याच मार्गांच्या कडेला. म्हणजे शाळेत निघालेल्या मुलाला भरधाव मोटारींचा रस्ता ओलांडावाच लागत नाही. पुढे गाव वाढले, तेव्हा शेजारी असेच दुसरे वर्तुळ जोडले गेले. आज तिथे सुमारे पन्नास हजार वस्ती आहे. २००८ आणि २०१८ अशी दोन वेळा हौटन देशातले ‘सायकल शहर’ ठरले.

हौटनकरांकडे मोटारी नाहीत असे नाही. दारात मोटार आहे, पण भाजी आणायला सायकल जवळची पडते, एवढेच. स्टीव्हनेजने सायकलीला रस्ता दिला, हौटनने तिला जवळचा रस्ता दिला. फरक इतकाच, पण त्यानेच सारे घडवले.

आपल्याकडे पदपथ आणि सायकलमार्ग बहुधा मोटारींना जागा देऊन उरलेल्या पट्टीत येतात. मग तिथे विजेचा खांब येतो, टपरी येते, दुचाकी उभी राहते. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या गावांची आता शहरे होत आहेत, तिथे रस्ते आखले जाण्याआधीच विचार करायची संधी आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. आपण बहुतेक जण आपल्या जागेवर आरक्षण पडले की नाही, एवढेच पाहतो. पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या घरापासून शाळेपर्यंत बोटाने रेघ ओढा आणि स्वतःला विचारा, या वाटेने दहा वर्षांचे मूल एकटे जाऊ शकेल का? उत्तर नाही असेल, तर तीच आपली हरकत समजा आणि लिहून द्या.