दाविदाची शिरगणती आणि सैतान

बायबलांतील सैतान म्हटला म्हणजे ईश्वराचा सनातन वैरी आणि मनुष्यास मोहांत पाडणारा दुष्टात्मा, अशी मूर्ति आमच्या वाचकांपुढें उभी राहते. परंतु त्या ग्रंथसंग्रहाचा जुना भाग चाळला असतां या मूर्तीचा फारसा मागमूस लागत नाहीं. हिब्रू भाषेंत 'सातान' हें मुळांत सामान्यनाम. आडवा येणारा, प्रतिपक्षी, एवढाच त्याचा अर्थ. बलामाची वाट अडविणाऱ्या खुद्द ईश्वराच्या दूतास हाच शब्द लाविलेला आहे. ईयोबाच्या ग्रंथांतला सातान तर ईश्वराच्या दरबारांत उघड वावरतो आणि परवानगीवांचून ईयोबास हात लावीत नाहीं. त्यास सरकारी फिर्यादीच म्हणावें! एदेन बागेंतील सर्पासहि उत्पत्तीच्या ग्रंथांत कोठें सैतान म्हटलेलें नाहीं. ती ओळख कित्येक शतकांनंतरची.

मग हा दरबारी बंडखोर कसा झाला? दाविदाच्या शिरगणतीची कथा येथें फार उपयोगी पडते. राजा दावीद प्रजेची गणती करितो, तें पाप ठरतें, आणि मरीनें सत्तर हजार माणसें मरतात. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथांत ही बुद्धि दाविदास ईश्वराच्या कोपानेंच झाली, असें स्वच्छ लिहिलें आहे. बंदिवासानंतर रचलेल्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथांत तीच हकीकत पुन्हां येते. पण चिथावणारा आतां सातान आहे. मधल्या काळांत, इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास, यरुशलेमाचा विध्वंस झाला, आणि ५३९ मध्यें बाबेल जिंकणाऱ्या कुरुशाची इराणी सत्ता यहुद्यांवर आली. पारशी धर्मांतील अहरिमानाची छाया येथें पडली, असें कित्येक पंडित मानतात. आमच्या मतें उसनवारी असो वा नसो, गरज घरचीच होती. ज्यानें न्याय करावयाचा त्यानेंच पाप करवावें आणि वर दंडहि करावा, हें नव्या पिढीच्या धर्मबुद्धीस सोसेना.

तथापि जुनी कल्पना पुरती मेली नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूस परीक्षेसाठीं रानांत नेतो तो आत्माच. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान पुढें येतो, आणि तोहि स्तोत्रसंहितेचीं वचनें म्हणत. (शास्त्रवचनांचा असा वकिली उपयोग आम्हां हिंदूंसहि अपरिचित नाहीं.) तेथील मूळ ग्रीक शब्दांत परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. प्रभूच्या प्रार्थनेंत मराठी भाषांतरकारांनीं 'परीक्षा' हा शब्द पसंत केला. इटलींतील कॅथलिकांनीं मात्र, देव मोहांत नेतो असा ध्वनि निघूं नये म्हणून, २०२० सालच्या उपासनाग्रंथांत त्या ओळीचें क्रियापदच बदललें.