दामाजी, तुकोबा आणि ‘देव देईल’

आजचा विषय श्रद्धेचा आहे, पण मी तो इतिहासाच्या बाजूनं मांडणार आहे. ‘देव देईल’ असं आपण सगळेच म्हणतो. पाऊस लांबला की जरा जास्तच म्हणतो. संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्याकडच्या दोन दुष्काळांच्या आधारानं हे पाहू.

पहिली गोष्ट मंगळवेढ्याची. महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त ती सांगितली आहे. दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे अधिकारी. लोक उपाशी मरताना पाहून त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. बादशहानं त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. दामाजी दरबारात पोहोचायच्या आत विठ्ठलच महाराच्या वेषात तिथं गेला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन आला. ही आख्यायिका आहे. घडलेल्या घटनेचा पुरावा म्हणून ती वापरता येणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ती सांगणाऱ्यांची समजूत काय होती, हे तिच्यातून नक्की कळतं. त्यातला क्रम बघा. कोठाराचं कुलूप आधी दामाजींनी काढलं, देव नंतर आला.

दुसरा दुष्काळ मात्र भक्कम इतिहास आहे. 1630 साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. शाहजहान तेव्हा निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानंच या उपासमारीचं भीषण वर्णन लिहून ठेवलंय. पीटर मंडी हा इंग्रज त्याच वर्षी सुरतेहून आग्र्याला गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांची नोंद त्यानं केली. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवानं पुणं बेचिराख केलं. म्हणजे एकीकडे अवर्षण, दुसरीकडे फौजांची ये-जा, आणि मधे सापडलेला शेतकरी.

पुण्याजवळच्या देहूत तेव्हा विशीतले तुकोबा वाणीपणा करत होते. घर महाजनाचं, सावकारीही होती. दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, आणि थोरली बायको अन्नावाचून गेली. हे मी कुणा चरित्रकाराच्या भरवशावर सांगत नाही. तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगात हे सांगितलंय, त्या वेळी वाटलेल्या लाजेसकट. इथं देव कुणाच्या वेषात आला नाही, आणि कुणी पावतीही आणली नाही.

म्हणून हा प्रसंग महत्त्वाचा आहे. ज्याला मिळालं नाही त्याची श्रद्धाच कमी पडली, असं म्हणायचा मोह आपल्याला फार लवकर होतो. उपाशी माणसाला हे ऐकवणं सोपं असतं. पण तुकोबांच्या घराकडे बघून असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग तुकोबांनी काय केलं? देव सोडला नाही. गावातलं विठ्ठलाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. आणि परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं त्यांनी भाऊ कान्होबांबरोबर निम्मी-निम्मी वाटून घेतली. कान्होबांना त्यांचा वाटा दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. आता याचा व्यवहारातला अर्थ बघा. दुष्काळात सावकाराकडचं खत म्हणजे कुळाच्या गळ्याला फास. ज्याचं स्वतःचं घर रिकामं झालंय, तो माणूस उद्याच्या सोयीसाठी हाताशी राहिलेली शेवटची वसुली सोडून देतो. ‘देव देईल’ यावर खरा विश्वास असल्याशिवाय हे कसं जमेल?

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक धागा दिसतो. दामाजींना मोबदला मिळाला, तुकोबांना नाही. पण हात बांधून वाट बघत दोघंही बसले नाहीत. आपल्याला मिळेल की नाही याचा हिशेब न करता त्यांनी आपल्या ताब्यातलं दुसऱ्यांसाठी मोकळं केलं. देवानं तुकोबांच्या घरात धान्य आणून टाकलं नाही. पण देहूतल्या कितीतरी घरांवरचं कर्ज त्या दिवशी नदीत वाहून गेलं. पुढच्या वेळी ‘देव देईल’ म्हणताना आपल्या कोठाराची किल्ली कुठं आहे, तेवढं आठवावं.