जुन्या मोटारीतील स्वयंचलित गिअरपेटीची बदली

जुन्या मोटारीतील स्वयंचलित गिअरपेटीची बदली म्हणजे मूळ स्वयंचलित गिअरपेटी निकामी झाल्यावर, किंवा आजच्या वापरास अपुरी ठरल्यावर, तिच्या जागी त्याच वा अन्य प्रकारची गिअरपेटी निवडून बसविणे. अमेरिकेत १९५० ते १९८० या काळात बनलेल्या, पुढे इंजिन व मागील चाकांना गती देणाऱ्या मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न विशेषत्वाने उद्भवतो. त्यांपैकी जनरल मोटर्स या कंपनीच्या मोटारींसाठी सर्वाधिक पर्याय उपलब्ध असल्याने प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे. गिअरपेटीची निवड केवळ तिच्या मजबुतीवरून करता येत नाही. इंजिन, मागील आसाचे गुणोत्तर, प्रोपेलर शाफ्टची लांबी, तेलाच्या दाबाचे नियंत्रण आणि शीतन या सर्वांशी ती जुळावी लागते.

पार्श्वभूमी

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी ‘हायड्रामॅटिक’ ही होय. जनरल मोटर्सने ती १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी बाजारात आणली. शेव्हरोले मोटारींना १९५० पासून ‘पॉवरग्लाइड’ ही दोन गतींची गिअरपेटी मिळाली व ती १९७३ पर्यंत वापरात होती. १९६४ मध्ये कॅडिलॅक व ब्युइक मोटारींत ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ (टीएच ४००) आणि १९६९ मध्ये तिच्याहून हलकी ‘टर्बो-हायड्रामॅटिक ३५०’ (टीएच ३५०) आली. या दोन्ही तीन गतींच्या होत्या.

१९७५ च्या कायद्याने अमेरिकेत मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेची मानके ठरविण्यात आली व ती १९७८ च्या मोटारींपासून लागू झाली. या दडपणातून ओव्हरड्राइव्ह असलेल्या चार गतींच्या गिअरपेट्या पुढे आल्या : १९८१ मध्ये ‘२००-४आर’ आणि १९८२ मध्ये ‘७००आर४’. ओव्हरड्राइव्हमध्ये गिअरपेटीतून बाहेर पडणारा दंड इंजिनापेक्षा अधिक वेगाने फिरतो. ७००आर४ ला १९९० मध्ये ‘४एल६०’ असे नाव देण्यात आले. तिची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती ‘४एल६०ई’ होय. टीएच ४०० च्या रचनेवरून विकसित झालेली ‘४एल८०ई’ १९९१ मध्ये आली.

गुणोत्तरे

| गिअरपेटी | पहिला | दुसरा | तिसरा | चौथा |
|---|---|---|---|---|
| पॉवरग्लाइड | १.७६ किंवा १.८२ | १.०० | – | – |
| टीएच ३५० | २.५२ | १.५२ | १.०० | – |
| टीएच ४०० | २.४८ | १.४८ | १.०० | – |
| २००-४आर | २.७४ | १.५७ | १.०० | ०.६७ |
| ७००आर४ | ३.०६ | १.६३ | १.०० | ०.७० |
| ४एल८०ई | २.४८ | १.४८ | १.०० | ०.७५ |

मागील आसाशी संबंध

चौथ्या गतीचा लाभ मागील आसाच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. चाकाचा व्यास ६६ सेंमी. आणि आसाचे गुणोत्तर ३.७३ असेल, तर ताशी १०० किमी. वेगाला तीन गतींच्या गिअरपेटीसह इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते (टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण वगळून). ७००आर४ च्या चौथ्या गतीत हेच फेरे सुमारे २,१०० होतात. आवाज, झीज व इंधन या तिन्हींत होणारी बचत येथे स्पष्ट जाणवते.

याउलट आसाचे गुणोत्तर मुळातच २.७३ असेल, तर त्याच वेगाला तीन गतींची गिअरपेटी सुमारे २,२०० फेऱ्यांवर चालते. ओव्हरड्राइव्हमध्ये ते सुमारे १,५४० पर्यंत उतरतात. इतक्या कमी फेऱ्यांवर अनेक जुनी इंजिने ओढ धरत नाहीत आणि चढावर गिअरपेटी वारंवार खालच्या गतीत येते. अशा मोटारीत ओव्हरड्राइव्हचा लाभ प्रामुख्याने पहिल्या गतीपुरता मिळतो. ३.०६ चा पहिला गिअर व २.७३ चा आस यांचा गुणाकार सुमारे ८.३५ येतो, २.५२ चा पहिला गिअर व ३.३१ चा आस यांचाही जवळपास तेवढाच येतो. म्हणजे आस न बदलताही मोटार जागेवरून अधिक जोमाने निघते.

गतींमधील अंतरही विचारात घ्यावे लागते. पहिल्या गतीतून दुसऱ्या गतीत जाताना इंजिनाचे फेरे टीएच ३५० मध्ये सुमारे ४० टक्के, २००-४आर मध्ये ४३ टक्के, तर ७००आर४ मध्ये ४७ टक्के उतरतात. अरुंद शक्तिपट्टा असलेल्या इंजिनास हा शेवटचा उतार जड जातो.

जोडणी व मापे

मूळ गिअरपेटी कोणती आहे, हे प्रथम निश्चित करावे लागते. मोटारीची पूर्वीच बदली झालेली असू शकते. तेलाच्या तबकाचे बोल्ट मोजणे ही सोपी खूण आहे. टीएच ३५० व टीएच ४०० या दोहोंना १३, पॉवरग्लाइडला १४, तर २००-४आर व ७००आर४ यांना १६ बोल्ट असतात. टीएच ३५० चे तबक चौरसाकार व एक कोपरा कापलेले असते. टीएच ४०० चे वेडेवाकडे असते.

शेव्हरोलेच्या व्ही ८ इंजिनाची मागील बोल्टरचना ब्युइक, ओल्ड्समोबिल व पाँटिॲक यांच्या इंजिनांहून वेगळी आहे. अनेक २००-४आर गिअरपेट्यांच्या कवचावर दोन्ही रचनांची छिद्रे असतात. फ्लेक्सप्लेटच्या दात्यांची संख्या (१५३ किंवा १६८), कन्व्हर्टरच्या बोल्टांचे वर्तुळ आणि इंजिनाचे संतुलन आतील की बाहेरील, हेही तपासावे लागते.

टीएच ३५० ची लांबी तिच्या शेपटीकडील भागाप्रमाणे बदलते. सर्वांत आखूड प्रकाराच्या जागी २००-४आर बसविल्यास प्रोपेलर शाफ्ट बहुधा तसाच चालतो. मात्र आधाराची जागा मागे सरकत असल्याने क्रॉस मेंबर हलवावा लागतो. ७००आर४ त्या प्रकाराहून सुमारे ३ इंच (८ सेंमी.) लांब असल्याने क्रॉस मेंबर हलविण्याबरोबर प्रोपेलर शाफ्टही आखूड करावा लागतो. टीएच ४०० चा बाहेरचा दंड अधिक जाड असून त्यास ३२ खाचा असतात, तर टीएच ३५० ला २७. त्यामुळे शाफ्टचा पुढील जोड बदलावा लागतो.

दाबाचे नियंत्रण

टीएच ३५० व टीएच ४०० मध्ये इंजिनावरील भार निर्वात मॉड्युलेटरद्वारे ओळखला जातो. २००-४आर व ७००आर४ मध्ये हे काम कार्ब्युरेटरला जोडलेली थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल करते. ती केवळ गती बदलण्याची वेळ ठरवीत नाही, तर क्लच प्लेटांना दाबून धरणाऱ्या तेलाचा दाबही ठरविते. केबल नसल्यास किंवा ढिली असल्यास दाब अपुरा राहतो, प्लेटा घसरतात आणि नवी गिअरपेटीही थोड्याच अंतरात जळते. मोटार वरकरणी सुरळीत चालत असल्याने हा दोष चटकन लक्षात येत नाही. म्हणून कार्ब्युरेटरवरील जोडाची भूमिती योग्य ठेवून, पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढली जाते याची खात्री केली जाते व दाबमापकाने दाब पडताळला जातो.

४एल६०ई व ४एल८०ई यांना केबल लागत नाही. परंतु स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि थ्रॉटलची स्थिती सांगणारा संवेदक लागतो. कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीत हा खर्च गिअरपेटीच्या किमतीत धरावा लागतो.

पर्यायांची तुलना

मूळ गिअरपेटीची पुनर्बांधणी हा सर्वांत कमी फेरफारांचा मार्ग आहे. मोटार शहरात व मर्यादित वेगाने चालत असेल, किंवा आसाचे गुणोत्तर कमी असेल, तर तोच बहुधा योग्य ठरतो. अधिक शक्तीच्या इंजिनास वा ओझे ओढण्यास टीएच ४०० उपयुक्त आहे. मात्र ती टीएच ३५० हून जड असून इंजिनाची अधिक शक्ती स्वतःकडे घेते. महामार्गावरील लांब प्रवासासाठी ओव्हरड्राइव्ह श्रेयस्कर असते. वापरलेली ७००आर४ घेताना १९८७ नंतरची पसंत केली जाते, कारण सुरुवातीच्या आवृत्तीतील अनेक उणिवा तोवर दूर झाल्या होत्या. भंगारबाजारातील गिअरपेटी स्वस्त असली, तरी तबक उघडून पाहिल्याशिवाय तिची अवस्था कळत नाही. जळका वास, काळे तेल व धातूचे कण ही झिजेची लक्षणे होत.

बसविताना घ्यावयाची काळजी

जुनी गिअरपेटी जळाली असेल, तर तिचे कण रेडिएटरमधील तेलशीतकात व नळ्यांत साचलेले असतात. ते न काढल्यास नवी गिअरपेटी त्याच दोषाने निकामी होते. शीतक व नळ्या धुऊन काढणे किंवा बदलणे म्हणूनच आवश्यक असते.

टॉर्क कन्व्हर्टर पंपावर पूर्ण बसलेला असावा लागतो. गिअरपेटी इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांच्यात साधारण ३ ते ५ मिमी. फट राहिली पाहिजे. फट नसताना बोल्ट आवळल्यास पंप फुटतो. ओव्हरड्राइव्हच्या गिअरपेट्यांतील कन्व्हर्टरमध्ये लॉकअप क्लच असतो. त्याची विद्युतजोडणी केली नाही तर घसरणीमुळे तेल अधिक तापते. स्पीडोमीटरचा गिअरही आसाच्या गुणोत्तराप्रमाणे निवडावा लागतो.

मूळ गिअरपेटीचे जतन

अनेक मोटारींच्या मूळ गिअरपेटीवर वाहनक्रमांकाचा अंश ठोकलेला असतो. संग्राहकांच्या दृष्टीने इंजिन व गिअरपेटी मूळची असणे मोटारीचे मोल वाढविते. त्यामुळे दुसरी गिअरपेटी बसविल्यावरही मूळ गिअरपेटी, तिचा शाफ्ट व क्रॉस मेंबर जपून ठेवण्याची प्रथा आहे. चौकट न कापता केलेली बदली पुढे पूर्ववत करता येते.